बारा मैलांच्या पलीकडे कायदा नाही, असं कोण म्हणालं?

आलेलं पत्र, थोडं छोटं करून:

"काका, मी मूळचा सांगलीचा. इलेक्ट्रॉनिक्समध्ये एमएस्सी करायला इंग्लंडला आलो, आता एसेक्समध्ये वर्क व्हिसावर नोकरी करतो. इथल्या एका मित्राने जुनी मासेमारीची बोट घेतलीय. त्याचे वडील लहानपणी रेडिओ कॅरोलाइन हे समुद्रातल्या जहाजावरून विनापरवाना चालणारं स्टेशन ऐकायचे, ते खूळ याच्याही डोक्यात आहे. बारा मैलांच्या बाहेर नांगर टाकायचा आणि शनिवार-रविवार एफएमवर स्टेशन चालवायचं असा प्लॅन आहे. त्यात एक तास मराठी गाण्यांचा, तो माझा. ट्रान्समीटर मी बनवायचा आणि तीन हजार पौंड घालायचे. ट्रान्समीटर अर्धा झालासुद्धा. मित्र म्हणतो तिथे कुठल्याच देशाचा कायदा चालत नाही, फार तर बोट जाईल. मी तर भारतीय नागरिक, बोटीवर पाऊलसुद्धा ठेवणार नाही, फक्त मशीन बनवून देणार. मला खरंच काही होऊ शकतं का? मन मानत नाहीये म्हणून विचारतोय."

बाळा, तुझं मन मानत नाहीये ते बरोबर आहे. आधी उत्तर सांगतो मग कारणं. नाही करायचं, पैसे द्यायचे नाहीत, आणि तो अर्धा ट्रान्समीटर पूर्णही करायचा नाही. बोट जाईल की राहील हा नंतरचा प्रश्न, या सगळ्यात सगळ्यात आधी अडकणारा माणूस तूच आहेस, कारण तुझं काम समुद्रावर नाही, जमिनीवर आहे.

मी बावीस वर्षं मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होतो, त्यामुळे या विषयावर मला तटस्थपणे लिहिता येणार नाही, आणि लिहायचंही नाही. ऐंशीच्या दशकात रॉटरडॅमला जाता-येता थेम्सच्या मुखाबाहेरून आमचं जहाज जायचं तेव्हा ड्युटी संपली की मी मिडीयम वेव्हवर कॅरोलाइन लावायचो. तो उंच मास्ट लांबून दिसायचा. एवढ्याशा जहाजावर दोन-चार पोरं बसून अख्ख्या किनाऱ्याला गाणी ऐकवतायत हे बघून माझ्याही अंगावर काटा यायचा, त्यामुळे तुझ्या मित्राचं खूळ मला कळतं. मित्र जे सांगतोय ते कधीकाळी खरं होतं, हेही मान्य करतो. पण १९६४ साली खरं होतं. आता नाही.

तेव्हा काय होतं ते नीट समजून घे म्हणजे आज काय नाही ते कळेल. ब्रिटनची समुद्रावरची हद्द त्या वेळी फक्त तीन सागरी मैल होती. रेडिओ म्हणजे बीबीसी आणि बीबीसीच, आणि बीबीसीवर तबकड्या किती तास वाजवायच्या त्यालासुद्धा वादकांच्या युनियनशी आणि रेकॉर्ड कंपन्यांशी झालेल्या करारांची मर्यादा होती. पोरांना हवी ती गाणी दिवसभर मिळायची नाहीत. डेन्मार्कजवळ रेडिओ मर्क्युरने १९५८ मध्येच जहाजावरून सुरुवात केली होती, १९६० ला हॉलंडच्या किनाऱ्यासमोर रेडिओ व्हेरोनिका आलं, आणि मग रोनन ओरॅहिली नावाच्या आयरिश तरुणाने एक जुनी फेरी बोट घेतली, आयर्लंडच्या ग्रीनोर बंदरात तिच्यावर मास्ट चढवला आणि १९६४ च्या ईस्टरला, २८ मार्चला, फेलिक्सस्टोसमोर तीन मैलांच्या बाहेरून कॅरोलाइन सुरू केलं. जहाज परदेशी झेंड्याचं, उभं खुल्या समुद्रात. आणि खुल्या समुद्राबद्दल १९५८ चा जो जिनिव्हा करार होता त्यात परक्या झेंड्याच्या जहाजावर चढायची परवानगी चाचेगिरी आणि गुलामांचा व्यापार अशा मोजक्या कारणांसाठीच होती, रेडिओचं नावच नव्हतं त्यात. लोक पायरेट रेडिओ म्हणतात खरं, पण कायद्याच्या भाषेत ही चाचेगिरी नव्हेच, चाचेगिरीला खासगी फायद्यासाठी केलेली मारहाण, लूटमार असं काहीतरी लागतं. म्हणजे भोक होतं आणि ते पोरांनी बरोबर शोधलं.

आता ते भोक बुजवलं कसं ते बघ, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. सरकारला जहाजाला हात लावता येत नव्हता, तर त्यांनी जहाज सोडलं आणि माणसं धरली. २२ जानेवारी १९६५ ला स्ट्रासबर्गला युरोपातल्या देशांचा करार झाला की प्रत्येकाने आपापल्या देशात असा कायदा करायचा की अशा स्टेशनांना मदत करणं हाच गुन्हा. ब्रिटनने तो कायदा १९६७ मध्ये केला आणि १४ ऑगस्टच्या मध्यरात्रीपासून लागू झाला. रेडिओ लंडन या जहाजावरच्याच दुसऱ्या स्टेशनने त्याच दिवशी दुपारी तीनला स्टेशन बंद केलं. त्या कायद्यात जाहिरात देणं गुन्हा, जहाजाला सामान पुरवणं गुन्हा, माणसं नेणं-आणणं गुन्हा, मशीन बसवणं, दुरुस्त करणं गुन्हा, कार्यक्रम बनवून देणं गुन्हा. समुद्रावर एकही पोलीस पाठवायची गरज पडली नाही.

कॅरोलाइनने बंद करायला नकार दिला. जॉनी वॉकर आणि रॉबी डेल हे निवेदक मध्यरात्रीनंतरही माईकवर बसून राहिले, ऑफिस ॲम्स्टरडॅमला हललं. पण ब्रिटिश जाहिराती गेल्या की पैसा गेला, आणि मार्च १९६८ मध्ये एका सकाळी त्यांच्याकडे तेव्हा असलेली दोन्ही जहाजं ओढून हॉलंडला नेली. नेली कोणी? नौदलाने नाही. पाणी, डिझेल, सामान पोचवणाऱ्या डच टगवाल्या कंपनीने, बिलं थकली म्हणून! कॅरोलाइनच्या गोष्टीतला हा भाग लोक सांगत नाहीत, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. समुद्रातलं स्टेशन जमिनीवरच्या दोरीला बांधलेलं असतं आणि कायदा दोरी जमिनीवरच कापतो.

तुझ्या केसमध्ये ती दोरी तू आहेस.

१९६७ चा तो कायदा आता वेगळा उरलेला नाही, तो ब्रिटनच्या २००६ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यात गेलाय, त्याच्या पाचव्या भागात समुद्रावरून होणाऱ्या प्रसारणाचंच सगळं आहे. आणि त्यात मदत करणाऱ्यांची यादी तशीच आहे, बोट देणारा, यंत्र पुरवणारा, बसवणारा, दुरुस्त करणारा, कार्यक्रम देणारा. तुला वाटतं तू भारतीय म्हणून सुटशील. अरे पण सोल्डरिंग तू एसेक्समध्ये बसून करणार ना? ब्रिटनच्या जमिनीवर केलेल्या कामाला ब्रिटनचा कायदा लागतो, पासपोर्ट कुठलाही असो. दुसरी गोष्ट, हे कशासाठी आहे ते माहीत असणं किंवा माहीत असायला पुरेसं कारण असणं, असं कायदा बघतो. तुझ्या आणि मित्राच्या व्हॉट्सॲपवर हे सगळं लिहिलेलंच असणार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. परदेशी माणसाला तिथे बारा महिने किंवा जास्त शिक्षा झाली की डिपोर्टेशनची प्रक्रिया आपोआप सुरू होते, आणि त्याहून कमी झाली तरी पुढच्या प्रत्येक व्हिसा फॉर्मवर त्या गुन्ह्याची नोंद लिहावी लागेल. तुझा मित्र कोर्टातून घरी जाईल, तुझं घर कुठलं ते ठरवायला दुसरं ऑफिस बसलंय. हे मित्राच्या डोक्यात येणार नाही, त्याला कधी तो विचार करावाच लागला नाही. म्हणून त्याच्यावर चिडू नकोस, पण निर्णय त्याच्या हिशोबाने घेऊ नकोस.

आता राहिली समुद्रावरची बाजू. मित्र म्हणतो तिथे कुठल्याच देशाचा कायदा नाही. खरं तर उलट आहे, तिथे एका वेळी चार-पाच देशांचा आहे. १९८२ चा संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायद्याचा करार आहे ना, त्याचं १०९ वं कलम याच कामासाठी लिहिलंय. खुल्या समुद्रावरच्या जहाजावरून किंवा बांधकामावरून आंतरराष्ट्रीय नियम मोडून सर्वसामान्य लोकांसाठी रेडिओ-टीव्हीचं प्रसारण केलं तर खटला कोण भरू शकतो? ज्याचा झेंडा बोटीवर आहे तो देश. बांधकाम असेल तर ते ज्याच्याकडे नोंदवलंय तो देश. प्रसारण करणारा माणूस ज्या देशाचा नागरिक आहे तो देश. जिथे ते ऐकू येतं असा कुठलाही देश. आणि ज्याच्या अधिकृत रेडिओला त्याचा त्रास होतो तो देश. तू कधी हौसेने तुझा मराठी तास करायला बोटीवर गेलास तर या यादीत भारतही आला, कारण भारताने हा करार १९९५ मध्येच मान्य केलाय. पुढचं ११० वं कलम म्हणतं की अशा प्रसारणाचा रास्त संशय असेल तर ज्या देशाला खटला भरता येतो त्याची युद्धनौका बोटीवर चढून तपासणी करू शकते. बोटीला कुठलाच झेंडा नसेल तरी चढू शकते, म्हणून झेंडाच नको लावूया असं मित्र म्हणाला तर ते अजून वाईट.

आणि मुळात एसेक्ससमोर खुला समुद्र आहेच कुठे? ब्रिटनने हद्द १९८७ मध्ये तीनवरून बारा मैल केली आणि ते बारा मैल किनाऱ्यावरच्या बाकापासून मोजत नाहीत, आधाररेषेपासून, म्हणजे साधारण ओहोटीच्या पाण्याच्या रेषेपासून मोजतात. ओहोटीला उघडे पडणारे वाळूचे दांडे त्यात धरले जाऊ शकतात. थेम्सच्या मुखात असले दांडे भरपूर आहेत. १९६६ मध्ये रॉय बेट्स नावाचा माजी मेजर नॉक जॉन नावाच्या समुद्रातल्या युद्धकालीन किल्ल्यावरून रेडिओ एसेक्स चालवायचा, त्यालाही वाटत होतं आपण हद्दीच्या बाहेर आहोत, कोर्टाने सांगितलं आत आहेस, शंभर पौंड दंड झाला. मग तो अजून बाहेरच्या रफ्स टॉवरवर गेला आणि सप्टेंबर १९६७ मध्ये त्यालाच सीलँड नावाचा देश म्हणून जाहीर केलं, पुढे १९६८ मध्ये कोर्टाने तो तीन मैलांच्या बाहेर आहे म्हणून आपला अधिकार नाही असंही म्हटलं. यूट्यूबवर ही गोष्ट सगळे इथपर्यंतच सांगतात. बारा मैलांची हद्द झाल्यावर तो टॉवर आत आला हे पुढचं कोणी सांगत नाही. हद्दीच्या पलीकडे दोनशे मैलांपर्यंत आर्थिक क्षेत्र असतं, आणि उत्तर समुद्र एवढा अरुंद आहे की अख्खा समुद्र आजूबाजूच्या देशांनी वाटून घेतलाय, १०९ वं कलम त्या क्षेत्रातही लागतं. तिथे नवीन बांधकाम उभं करायचा हक्क तर फक्त त्या किनाऱ्याच्या देशाचाच.

डच लोकांनी तर हे फार आधी करून दाखवलं. १९६४ मध्ये नोर्डवाइकसमोर समुद्रात पोलादी प्लॅटफॉर्म उभा करून त्यावरून रेडिओ आणि टीव्ही सुरू केलं होतं, सरकारने समुद्राच्या तळावर रोवलेल्या बांधकामांसाठी खास कायदा केला आणि १७ डिसेंबरला हेलिकॉप्टरने माणसं उतरवून बंद केलं. काही महिन्यांत खेळ खलास. तरंगत्या जहाजांना त्यांनी ३१ ऑगस्ट १९७४ पर्यंत चालू दिलं.

कॅरोलाइनचं पुढचं जहाज रॉस रिव्हेंज १९८३ पासून उभं होतं. १९ ऑगस्ट १९८९ ला डच आणि ब्रिटिश अधिकारी त्यावर चढले, सामान फोडलं, काढून नेलं, आणि ते सगळं प्रसारणावर लाइव्ह ऐकू येत होतं. तो छापा कायदेशीर होता का यावर आजही लोक भांडतात आणि माझंही मत आहे की त्या दिवसापुरता त्यांचा आधार कच्चा होता. पण ब्रिटिश सरकारने त्यातून काय धडा घेतला बघ, १९९० च्या प्रसारण कायद्यात सरळ लिहून टाकलं की परक्या जहाजावरून खुल्या समुद्रावरून प्रसारण केलं आणि ते ब्रिटनमध्ये ऐकू आलं तरी गुन्हा, आणि आमचे अधिकारी तिथे जाऊन चढू शकतात. म्हणजे मित्र ज्या वादाच्या जोरावर उड्या मारतोय तो वाद १९९० मध्येच संपवलाय.

अमेरिकेत १९८७ ला न्यूयॉर्कसमोर सारा नावाच्या जहाजावरून असंच स्टेशन सुरू झालं होतं, होंडुरासचा झेंडा लावून. कोस्ट गार्डने थोड्याच दिवसांत माणसांना बेड्या घातल्या. नंतर आरोप मागे घेतले, हे मित्र तुला सांगेलच. पण आरोप मागे घेतले म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, ते स्टेशन जहाजावर टिकलं नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो कारण आपल्या मुंबईशी तिचा संबंध आहे. एबी नेथन हा इराणमध्ये जन्मलेला, मुंबईत वाढलेला, विमान चालवायला शिकलेला माणूस. पुढे इस्रायलला गेला आणि १९७३ पासून तेल अवीवसमोर एका जहाजावरून 'शांततेचा आवाज' हे स्टेशन चालवलं, ज्यू आणि अरब दोघांसाठी, वीस वर्षं. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे. पण ते वीस वर्षं चाललं कारण सरकारने तिकडे काणाडोळा केला. पुढे त्याच किनाऱ्यासमोर दुसऱ्या विचारांचं एक स्टेशन जहाजावरून चालायचं, अरुत्झ शेवा, त्याच्या चालकांना २००३ मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं. काणाडोळा हा परवाना नसतो आणि कधी डोळा उघडेल ते आपल्या हातात नसतं.

आता कायदा बाजूला ठेव, इंजिनीयर म्हणून माझ्याशी बोल. मासेमारीच्या बोटीवर अँटेना किती उंच लावाल? पाण्यापासून दहा मीटर धरू. एफएम क्षितिजाच्या फार पलीकडे जात नाही हे तुला माहीत आहे. दहा मीटरची अँटेना आणि ऐकणाऱ्याचा रेडिओ जमिनीपासून दोन मीटरवर, अंतर भरतं साधारण एकोणीस किलोमीटर. आणि बारा सागरी मैल म्हणजे बावीस किलोमीटर! स्टेशन किनाऱ्यावरच्या गाडीत धड पोचणारसुद्धा नाही, ऐकतील फक्त खलाशी. मिडीयम वेव्ह म्हणशील तर पाव तरंगलांबीचा मास्ट पट्ट्याच्या खालच्या टोकाला शंभर मीटरच्या वर जातो, म्हणून तर रॉस रिव्हेंजवर तीनशे फुटांचा मास्ट होता आणि तो १९८७ च्या वादळांनंतर कोसळला. म्हणजे लोकांना ऐकू यायचं असेल तर हद्दीच्या आत यावं लागेल, आणि आत आलात की बोलायलाच नको.

आणि आता जे सांगतोय ते माझ्या पोटातून येतंय. आमच्या रेडिओ रूममध्ये एक घड्याळ असायचं, त्याच्या तबकडीवर तीन-तीन मिनिटांच्या लाल पट्ट्या रंगवलेल्या, दर तासाला सव्वा आणि पाऊण वाजता. त्या तीन मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर जगातल्या कुठल्याही जहाजाने काही पाठवायचं नाही, फक्त ऐकायचं, कोणी बुडत असेल तर त्याचा क्षीण आवाज ऐकू यावा म्हणून. मी हजारो वेळा ती तीन मिनिटं हेडफोन कानाला दाबून बसलोय. मिडीयम वेव्हचा पट्टा त्याच्या अगदी शेजारी सुरू होतो, आणि शेजारी कोणाचा बिघडलेला ट्रान्समीटर पसरायला लागला की काय होतं ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. १ फेब्रुवारी १९९९ पासून ते सगळं गेलं, सॅटेलाइट आणि डिजिटल आलं, आमची नोकरीही गेली, पण तत्त्व तेच आहे. तुझा एफएम पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि बरोबर तिथूनच विमानांचा सुरू होतो, धावपट्टीची दिशा दाखवणारा सिग्नल १०८ ते ११२ मध्येच असतो, त्याच्या वर पायलट बोलतात. साउथएंड आणि स्टॅनस्टेड तुझ्याच बाजूला. गॅरेजमध्ये बनवलेला, हलणाऱ्या बोटीवर खाऱ्या हवेत चालणारा ट्रान्समीटर कुठे भलताच सिग्नल टाकणार नाही याची खात्री तू देशील? मी नाही देणार.

आणि माणसं. 'मी अमीगो' नावाचं कॅरोलाइनचंच जहाज मार्च १९८० च्या वादळात बुडालं, चौघांना आणि त्यांच्या कॅनरी पक्ष्याला लाइफबोटवाल्यांनी वाचवलं, मास्ट पुढे कित्येक वर्षं पाण्याबाहेर उभा होता. रॉस रिव्हेंज नोव्हेंबर १९९१ मध्ये गुडविनच्या वाळूत रुतलं, पोरांना हेलिकॉप्टरने उचललं. न्यूझीलंडच्या रेडिओ हौराकीचा एक तरुण निवेदक तर समुद्रात गेला तो गेलाच. शौकाखातर नांगर टाकून बसलेल्या पोरांना वाचवायला लाइफबोटवर जे येतात ते बहुतेक स्वयंसेवक असतात, त्यांचीही घरी माणसं असतात.

मग रेडिओचं स्वप्न सोडून द्यायचं का? अजिबात नाही, आणि हे मी समजूत काढायला म्हणत नाहीये. मी रत्नागिरीत वाढलो, आमच्याकडे बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन लागायचं, अख्खी आळी खिडकीखाली. केसकर नभोवाणी मंत्री असताना १९५२ नंतर आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली होती, तेव्हा अमीन सयानींची गीतमाला मुंबईत रेकॉर्ड व्हायची, विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून भारतभर ऐकू यायची. मागणी तीच, बाहेरून येणारी गाणीही तीच, जे इंग्लंडच्या पोरांना जहाजावरून मिळालं ते आपल्याला श्रीलंकेतून मिळालं. पण कोलंबोच्या ट्रान्समीटरमागे एक देश उभा होता, त्याची फ्रिक्वेन्सी नोंदलेली होती, त्याच्यामुळे कोणाचं जहाज किंवा विमान अडचणीत येत नव्हतं. त्या दबावाने १९५७ ला विविध भारती आली, तिकडे ३० सप्टेंबर १९६७ ला बीबीसीला रेडिओ वन काढावं लागलं आणि पहिला निवेदक कोण, तर जहाजांवरूनच आलेला टोनी ब्लॅकबर्न. जहाजवाल्यांचं काम झालं होतं रे. त्यांनी दार उघडून घेतलं. आता ते दार उघडं असताना तू खिडकीतून उडी मारायला निघालायस.

न्यायमूर्ती पी. बी. सावंतांनी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालात म्हटलं होतं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो निकाल भारतातला, ब्रिटनला लागू नाही, पण मला ते वाक्य फार पटतं. सार्वजनिक म्हणजे सरकारची नव्हे, हे खरं, पण आपल्या बोटीवाल्या मित्राचीही नव्हे.

तर करायचं काय ते ऐक. इंटरनेटवर स्टेशन सुरू करायला तिथे ऑफकॉमचं, म्हणजे तिथल्या प्रसारण नियामकाचं, लायसन्स लागत नाही, गाण्यांच्या हक्कांचे पैसे मात्र पीआरएस आणि पीपीएल या संस्थांना भरावे लागतात, मराठी गाणी कोणाच्या हक्कात येतात तेही बघून घे. तुझ्या तीन हजारांत हे बसायला हरकत नाही. हवेतून जायची हौस असेल तर एखाद्या कार्यक्रमासाठी अठ्ठावीस दिवसांपर्यंतचं तात्पुरतं लायसन्स मिळतं, कॅरोलाइनच्या लोकांनी नव्वदीत तसंच करून जहाजावरून कायदेशीर प्रसारण केलं. छोट्या भागासाठी डिजिटल रेडिओचीही सोय आता झालीय, आपल्या मराठी मंडळांनी तर ते कधीच करायला हवं होतं. पण एक लक्षात ठेव, बेकायदा प्रसारणात एकदा दोषी ठरलास की पाच वर्षं रेडिओचं लायसन्स मिळणार नाही, म्हणजे बोटीचा रस्ता हे सगळे रस्ते बंद करतो. आणि स्वतः ट्रान्समीटर बनवायचाच हात शिवशिवत असेल तर हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा दे, त्यावर गाणी लावता येणार नाहीत पण सोल्डरिंगचं सगळं सुख मिळेल.

मित्रालाही तोडू नकोस. त्याला घेऊन ब्लॅकवॉटर नदीत जा, एसेक्समध्येच आहे, रॉस रिव्हेंज तिथे नांगरलंय, होडीने जाऊन आतून बघता येतं. कॅरोलाइन डिसेंबर २०१७ पासून मिडीयम वेव्हवर ६४८ किलोहर्ट्झवर रीतसर लायसन्सने चालतंय, आणि ते लायसन्स मिळालं इतकी वर्षं ज्यांनी पाठलाग केला त्याच व्यवस्थेकडून. तिथल्या म्हाताऱ्या लोकांशी मित्राला बोलू दे, माझ्यापेक्षा ते त्याला जास्त पटवतील.

आज रात्री मात्र दोन कामं कर. मित्राला साधा मेसेज टाक की मी यात नाही, पैसे देणार नाही, मशीन देणार नाही, गोल गोल बोलू नकोस. आणि त्या ट्रान्समीटरचा शेवटचा पॉवर ॲम्प्लिफायर काढून सुटा कर, अँटेना लावून "एकदा फक्त टेस्ट" असलं काही करू नकोस, विनापरवाना एकदा लावणं हासुद्धा तिथे गुन्हाच आहे. मित्राला आधीच काही भाग किंवा पैसे दिले असशील, जे तू पत्रात लिहिलं नाहीस, तर तिथल्या सॉलिसिटरला तासभर भेट, ते माझ्या सल्ल्याच्या पलीकडचं आहे.

मराठी तास इंटरनेटवर सुरू झाला की लिंक पाठव. उन्हाळ्यात तुझ्याकडे रविवारी दुपारचे दोन म्हणजे इथे संध्याकाळचे साडेसहा, मी अंगणात बसलेला असतो. पहिलं गाणं तू ठरव, दुसरं माझ्या फर्माईशीचं ठेव.